स्थूलता : दोष कोणाचा?

लठ्ठ मनुष्य दिसला कीं तो खादाड व आळशी असलाच पाहिजे, असा निवाडा देऊन आपण मोकळे होतों. गॅरी टॉब्ज या अमेरिकन लेखकाचा ‘गुड कॅलरीज, बॅड कॅलरीज’ हा २००७ सालीं प्रसिद्ध झालेला जाडजूड ग्रंथ म्हणजे या निवाड्यावरील अपीलच होय. अति खाल्ल्यानें मेद वाढतो हें म्हणणें उलटें आहे. शरीर मेद सांठवूं लागतें म्हणून मनुष्य अति खातो, असें ग्रंथकारांचें प्रतिपादन आहे. साखर, मैदा व इतर पिष्टमय पदार्थांनीं रक्तांत इन्सुलिन वाढतें, तें मेदाच्या कोठारास कुलूप घालतें, आणि कोठार भरलेलें असूनही बाकीचें शरीर उपाशी राहून अन्न मागूं लागतें, अशी त्यांची उपपत्ति आहे.

हिचा पूर्वार्ध आम्हांस मोलाचा वाटतो. भूक ही केवळ मनोनिग्रहाची बाब नव्हे, हें १९९४ सालीं जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लावलेल्या लेप्टिनच्या शोधानेंही दाखविलें आहे. मेदपेशींतून स्रवणारें हें द्रव्य मेंदूस सांठ्याची वर्दी देतें; मेद घटला कीं वर्दी मंदावते आणि भूक वाढते. वजन उतरविणाऱ्याची झुंज अशी स्वतःच्या शरीराशींच असते.

परंतु ग्रंथकार येथें थांबत नाहींत. समारोपांत आपणांस अटळ वाटणारे दहा निष्कर्ष मांडून ते सारा दोष पिष्ट व साखर यांवर ठेवतात. पुढील प्रयोगांनीं यास दुजोरा दिला नाहीं. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या ६०९ प्रौढांवरील प्रयोगांत (२०१८) वर्षाअखेर कमी स्निग्ध खाणाऱ्यांचें वजन सरासरी ५.३ किलो, तर कमी पिष्ट खाणाऱ्यांचें ६ किलो उतरलें. संख्याशास्त्रदृष्ट्या हा फरक ग्राह्य ठरला नाहीं. केव्हिन हॉल यांचा २०२१ सालचा प्रयोग अधिक बोलका आहे. २० जणांना दोन आठवडे पिष्टप्रधान व दोन आठवडे स्निग्धप्रधान अन्न हवें तितकें खाऊं दिलें. पिष्टप्रधान अन्नानें इन्सुलिन अधिक चढलें. तरी त्या काळांत तीं माणसें दररोज सुमारें ६९० कॅलरी कमीच खात होतीं. दोन आठवड्यांवरून आयुष्याचा निकाल लागत नाहीं हें खरें. पण इन्सुलिन हेंच भुकेचें मूळ असतें, तर याच्या उलट घडावयास हवें होतें.

हे प्रयोग ग्रंथानंतरचे. ते ठाऊक नसल्याचा दोष ग्रंथकारांवर येत नाहीं. दोष आहे तो निश्चितीचा. मनुष्यास आरोपीच्या पिंजऱ्यांतून सोडविल्यावर तो पिंजरा रिकामा ठेवण्याचा धीर त्यांस झाला नाहीं. वाचकांनीं या ग्रंथांतील निर्दोषमुक्ति अवश्य स्वीकारावी. नव्या आरोपीची शिक्षा मात्र तहकूब ठेवावी.