आगीत कोण उतरले? धर्मवादातील साक्षींची कापाकापी

मुळशी तालुक्यातल्या जांबे गावी मी निवृत्तीनंतर राहायला आलो तेव्हा इथे शेते जास्त आणि इमारती कमी होत्या. आता हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी मुले गावात खोल्या घेऊन राहतात. माझ्या वरच्या मजल्यावर तसे दोघे आहेत. एक मिरजेचा मुसलमान, दुसरा वसईचा ख्रिस्ती. दोघे एकाच कुकरमधला भात खातात आणि मला काका म्हणतात. गेल्या श्रावणातल्या एका रविवारी दोघे चिडून खाली आले. वाद अकबराच्या दरबारातल्या एका प्रसंगावरून पेटला होता.

वसईचा म्हणाला, "काका, अकबराचा मुसलमान इतिहासकारच लिहितो, की पाद्री कुराण-बायबलाच्या परीक्षेसाठी आगीत उतरायला तयार होता आणि मौलवींनी पाय मागे घेतला."

मिरजेचा म्हणाला, "आणि त्या पाद्र्यांपैकीच एकजण लिहितो, की आगीची परीक्षा पाद्र्यांनीच नाकारली. आता बोला!"

दोघांचे दाखले खरे होते. वसईच्या मुलाने मोबाइलवर दाखवलेला परिच्छेद तर माझ्याच एका जुन्या लेखातला निघाला. कोणीतरी तो नाव गाळून फिरवला होता. अकबराच्या धर्मचर्चांवरच्या त्या लेखात मी या प्रसंगाची एकच साक्ष दिली होती, कारण ती वाचायला गोड होती. तिच्या जोडीला आणखी दोन साक्षी आहेत हे मला तेव्हाही माहीत होते. म्हणून हा लेख आधी माझी स्वतःची चूकदुरुस्ती आहे आणि मग इतरांवरची टीका.

प्रसंग असा. अकबराच्या निमंत्रणावरून १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून तीन जेझुइट पाद्री निघाले. रुदोल्फो अक्वाविवा, अंतोनिओ मोन्सेराते आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस. 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्यात उतरले होते, हे मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. हे पाद्री १५८० च्या आरंभी फत्तेपूर सीक्रीला पोचले आणि इबादतखान्यातल्या चर्चांत सामील झाले. तिथे केव्हातरी आगीची गोष्ट निघाली. एकाने बायबल घेऊन आणि दुसऱ्याने कुराण घेऊन आगीत शिरायचे. जो वाचेल त्याचा धर्म खरा.

या प्रसंगाचे तीन समकालीन साक्षीदार आहेत. 'अकबरनाम्या'त अबुल फजल सांगतो, की आव्हान पाद्री रुदोल्फने दिले आणि विरोधी मौलवी घाबरून शिव्यागाळीवर आले. 'मुन्तखब-उत्-तवारीख'मध्ये बदायुनी नेमके उलटे सांगतो. त्याच्या मते आव्हान जलेसरच्या शेख कुत्बुद्दीन नावाच्या, ईश्वराच्या वेडात बुडालेल्या फकिराने दिले. त्याने एका पाद्र्याला ओढूनही पाहिले, पण एकही पाद्री पुढे झाला नाही. तिसरी साक्ष जेझुइटांची. ते सांगतात, की देवाची अशी परीक्षा पाहणे हे पाप आहे, म्हणून रुदोल्फने नकार दिला. त्यांच्या हकिकतीत बादशहाचाही डाव दिसतो. एका मुल्लाचा काटा काढायला त्याला आग सोयीची वाटत होती.

आता वाद घालणारे यातले काय उचलतात ते पाहा. ख्रिस्ती प्रचारक अबुल फजल उचलतो आणि म्हणतो, पाहा, मुसलमानच कबूल करतो आहे. मुसलमान प्रचारक मोन्सेराते उचलतो आणि म्हणतो, पाहा, पाद्रीच कबूल करतो आहे. मी याला 'प्रतिपक्षाची कबुली' म्हणतो. कोर्टात आरोपीने स्वतःविरुद्ध दिलेल्या जबाबाला वजन असते, तसेच वजन वादात या कबुलीला दिले जाते. वाद जिंकण्याचे याहून सोपे हत्यार नाही. स्वतःच्या बाजूचा दाखला दिला तर समोरचा हसेल. समोरच्याच्या घरातला दिला तर तो गप्प बसेल.

पण ही कबुली खरोखर प्रतिपक्षाची आहे का? अबुल फजल मुसलमान होता हे खरे. पण त्याचे भांडण पाद्र्यांशी नव्हते. त्याचे भांडण दरबारातल्या त्या उलेमांशी होते, ज्यांनी त्याच्या वडिलांना, शेख मुबारकला, छळले होते. पाद्री धीट ठरला की मौलवी भेकड ठरत होते आणि अबुल फजलला तेच हवे होते. शिवाय त्याने हा प्रसंग १५७८ च्या घटनांत घातला आहे, आणि रुदोल्फ तर सीक्रीला पोचला १५८० मध्ये. ज्याला प्रसंगाचे वर्ष सांभाळता आले नाही, त्याने त्यातल्या माणसांचे धैर्य मात्र अचूक टिपले, असे मानायला आधार काय? आणि नेमकी हीच साक्ष मी माझ्या लेखात एकटी उभी केली होती.

बदायुनीचे भांडणही पाद्र्यांपेक्षा बादशहाशी आणि अबुल फजलशी अधिक होते. त्याने आपला ग्रंथ अकबराच्या हयातीत लपवून ठेवला. बादशहाच्या लाडक्या परदेशी पाहुण्यांची फजिती एका वेड्या फकिराने केली, ही गोष्ट त्याला किती सुखाची वाटली असेल, हे ओळखायला फारसी यावी लागत नाही.

मोन्सेराते आपल्या वरिष्ठांसाठी लिहीत होता. त्यांच्या नजरेत आगीत उडी घेणे हे धैर्य नसून दोष ठरला असता. म्हणून त्याने नकार लपवला नाही, उलट समजावून सांगितला. मिरजेच्या मुलाला जी कबुली वाटली, ती लिहिणाऱ्याच्या मनात रुदोल्फची स्तुती होती. त्याच्या लॅटिन वृत्तांताचे हस्तलिखित १९०६ मध्ये कलकत्त्यात सापडले आणि १९१४ मध्ये छापले गेले. आज त्यातले एक वाक्य मोबाइलवर फिरते. त्या वाक्याच्या मागचे कारण मात्र फिरत नाही.

इथे खोटे अवतरण कोणाचेच नाही. आपण 'चुकीचा दाखला' म्हटले की बनावट वाक्य डोळ्यांपुढे आणतो. धर्मवादातला नेहमीचा दोष बनावटीचा नसून कापाकापीचा आहे. साक्षीदाराचे वाक्य ठेवायचे आणि साक्षीदार कोण, कोणाशी भांडत होता, कोणासाठी लिहीत होता, हे कापून टाकायचे.

हाच खेळ पुढे आग्र्यात झाला. १८५४ च्या एप्रिलमध्ये, १० आणि ११ तारखेला, मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि पाद्री कार्ल गॉटलीब फांडर यांचा जाहीर वाद झाला. कैरानवींच्या जोडीला डॉ. वझीर खान होते. ते कलकत्त्यात पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले आणि इंग्रजी जाणणारे. बायबलच्या हस्तलिखितांत हजारो पाठभेद आहेत हे त्यांनी युरोपातल्या ख्रिस्ती अभ्यासकांच्याच पुस्तकांतून दाखवले. योहानाच्या पहिल्या पत्रातले, पाचव्या अध्यायाचे त्रैक्यावरचे प्रसिद्ध वचन मागाहून शिरलेले आहे हे फांडरला मान्य करावे लागले. इथवर कैरानवींची बाजू भक्कम होती. पण ज्यांचा आधार घेतला, त्या थॉमस हार्टवेल हॉर्नसारख्या अभ्यासकांचा निष्कर्ष असा होता, की या पाठभेदांमुळे धर्माचे मूळ सिद्धान्त बदलत नाहीत. पाठभेदांचा आकडा वादात आला; निष्कर्ष मागे राहिला.

फांडरची बाजूही याहून स्वच्छ नव्हती. त्याच्या 'मीजान-उल-हक'ची एक मोठी भिस्त कुराणातल्या अशा आयतींवर आहे, ज्या आधीच्या ग्रंथांना दुजोरा देतात. ज्या ग्रंथाला तो ईश्वरी मानत नाही, त्याच ग्रंथाला आपल्या बाजूच्या साक्षीपुरते तो खरे मानतो. वाद संपल्यावर दोन्ही पक्षांनी आपापले वृत्तान्त छापले. लेखनिकांच्या चुका मान्य केल्या म्हणजे ग्रंथ भ्रष्ट झाल्याचे मान्य केले का, यावर दोन्हीकडून पुन्हा भांडण. मराठी वाचकाला हे नवे नाही. १८५७ मध्ये विष्णुबोवा ब्रह्मचारी चौपाटीवर पाद्र्यांशी वाद करत होते. त्या वादाचे इंग्रजी पुस्तक छापले ते पाद्री जॉर्ज बोवेन यांनी. लेखणी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न वाचकाने तिथेही विचारायला हवा.

कापाकापीचा सर्वांत ठळक नमुना 'बर्नबाचे शुभवर्तमान' हा आहे. मुसलमान प्रचारक ते येशूच्या शिष्याचे, चर्चने दडपलेले पुस्तक म्हणून पुढे ठेवतात. त्याचे पूर्ण इटालियन हस्तलिखित व्हिएन्नात आहे. लॉन्सडेल आणि लॉरा रॅग या दांपत्याने ते इंग्रजी भाषांतरासह १९०७ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केले आणि हे पुस्तक मध्ययुगाच्या अखेरीचे आहे असे लांबलचक प्रस्तावनेत दाखवले. पुढे मुस्लिम देशांत त्या भाषांतराच्या आवृत्त्या निघाल्या, त्यांतून ही प्रस्तावना गळाली. भाषांतर घेतले, भाषांतरकारांचे मत फेकून दिले.

पुस्तकातच त्याची जन्मतारीख दडलेली आहे. त्यात ज्युबिली वर्ष दर शंभर वर्षांनी येते असे म्हटले आहे. बायबलच्या लेवीय पुस्तकात ते पन्नासाव्या वर्षी येते. शंभर वर्षांचे अंतर पोप आठवा बोनिफेस याने १३०० मध्ये ठरवले आणि अर्ध्या शतकात ते पुन्हा पन्नासवर आले. येशूच्या शिष्याला हे अंतर ठाऊक असण्याचे कारण नाही. आणि गंमत अशी, की या पुस्तकात येशू स्वतः मसीहा नसल्याचे सांगतो आणि मसीहा म्हणून पैगंबरांचे नाव घेतो. कुराण तर येशूलाच मसीह म्हणते. म्हणजे जो मुसलमान हे पुस्तक फडकवतो, तो आपल्याच कुराणाविरुद्ध साक्षीदार उभा करतो आणि त्याला त्याची खबर नसते.

ख्रिस्ती बाजूचा तोलामोलाचा नमुना अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा. खलिफा उमरच्या हुकुमाने तिथली पुस्तके हमामांच्या भट्टीत घातली, ही गोष्ट 'मुसलमान इतिहासकारच सांगतात' या मुद्द्यासह दीर्घकाळ सांगितली गेली. मुसलमान इतिहासकार ती सांगतात हे खरे. पण अरबांनी मिसर घेतले ६४१-४२ च्या सुमारास, आणि ही गोष्ट कागदावर दिसते ती अब्दुल लतीफ बगदादी आणि इब्न अल-किफ्ती यांच्याकडे, म्हणजे साडेपाच-सहा शतकांनी. मिसरचाच ख्रिस्ती बिशप, निकिऊचा जॉन, त्याच सातव्या शतकात लिहीत होता. विजेत्यांवर तो कडवट आहे, पण ग्रंथालय जाळल्याचा शब्द त्याच्याकडे नाही. गिबनने अठराव्या शतकातच या गोष्टीवर शंका घेतली आणि शिबली नोमानींनी उर्दूत तिचे सविस्तर खंडन केले. तरी ती मरत नाही, कारण ती प्रतिपक्षाच्या तोंडची आहे.

ही गोष्ट युरोपात पसरली ती मुख्यतः एडवर्ड पोकॉक या ऑक्सफर्डच्या अरबी पंडिताने १६६३ मध्ये छापलेल्या अबुल फरजच्या इतिहासामुळे. पण याच पोकॉकची दुसरी एक कृती सांगण्याजोगी आहे. ह्यूगो ग्रोशियसने ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेवर लिहिलेल्या पुस्तकात एक कहाणी होती, की पैगंबरांनी कानातले दाणे टिपणारे कबूतर शिकवून ठेवले होते आणि ते देवदूत असल्याचे भासवले. पोकॉकने ग्रोशियसला विचारले, याला आधार काय? आधार नव्हता. पोकॉकने १६६० च्या आपल्या अरबी भाषांतरातून ती कहाणी काढून टाकली. कापणे नेहमीच वाईट नसते. फरक इतकाच, की पोकॉकने आपल्या बाजूला सोयीचे होते ते कापले.

आपल्याकडे या शिस्तीची उणीव नाही. अफझलखानाच्या भेटीत पहिला वार कोणाचा, हे पाहताना सभासदाची बखर आणि फारसी तवारिखा शेजारी ठेवाव्यात, प्रत्येकाचे वय आणि धनी पाहावा, हे राजवाड्यांच्या मागून आलेल्या संशोधकांनी पुण्यात बसूनच आपल्याला शिकवले. ही शिस्त आपण किल्ल्यांच्या आणि लढायांच्या इतिहासाला लावतो. धर्माच्या वादाला लावत नाही. तिथे आपल्याला साक्षीदार नको असतो, साथीदार हवा असतो. मी तो जुना लेख लिहिताना माझेही तसेच झाले होते. सर्वधर्मसमभावाची एक छान गोष्ट मला हवी होती, आणि अबुल फजलने ती तयार ठेवली होती. माझा हेतू चांगला होता, पण बारा वर्षांनी त्याच परिच्छेदाचा दगड झाला आणि माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर येऊन पडला.

त्या रविवारी मी तिन्ही उतारे काढून टेबलावर ठेवले. मुलांनी ते आळीपाळीने मोठ्याने वाचले. वसईच्या मुलाला बदायुनी वाचायला दिला आणि मिरजेच्या मुलाला अबुल फजल, म्हणजे ज्याचा त्याला बोचणारा. वाचून झाल्यावर मिरजेचा म्हणाला, "पण काका, मग खरे काय झाले?"

खरे काय झाले याचा निवाडा या तीन कागदांवरून होत नाही, हे मी त्याला सांगितले. पण तिघेही एकमेकांचे वैरी असूनही एका बाबतीत एकमताने बोलतात, आणि तेवढे मात्र विश्वासाने सांगता येते. अकबराच्या दरबारात आगीची भाषा झाली, आणि आगीत कोणीच उतरले नाही.