संदर्भांची गणना आणि अभ्यासकाचा काळ

अभ्यासकाच्या लेखनाचा इतरांनी किती वेळा संदर्भ घेतला, यावरून त्याच्या कार्याचे मोल ठरविण्याची पद्धत विज्ञानशाखांकडून मानव्यविद्यांकडे आली. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-निर्देशांक हे तिचे सर्वपरिचित रूप होय. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ लाभले, पण अकरा लेखांना अकरा लाभले नाहीत, त्याचा निर्देशांक दहा. हा आकडा वाढतो किंवा स्थिरावतो. घटत मात्र नाही. लेखन थांबल्यावर, किंबहुना मृत्यूनंतरही तो वाढू शकतो. म्हणून वेगवेगळ्या ज्येष्ठतेच्या संशोधकांची तुलना करताना पहिल्या लेखापासून लोटलेल्या वर्षांनी त्याला भागावे, असेही हिर्श यांनी सुचविले.

या भागाकारात एक गृहीतक दडलेले आहे: लेखन आणि त्याची दखल ही साधारणपणे वर्षांच्या प्रमाणात वाढत जातात. मिखाइल बाख्तिन यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. त्यांचा पहिला छोटा लेख १९१९ चा, दस्तयेव्हस्कीवरील ग्रंथ १९२९ चा. त्याच सुमारास अटक आणि पुढे कझाकस्तानातील हद्दपारी. राबलेवरील प्रबंधाची मौखिक परीक्षा १९४६ मध्ये झाली. तो ग्रंथरूपाने आला १९६५ मध्ये. त्याआधी १९६३ मध्ये दस्तयेव्हस्कीवरील ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघाली, आणि १९६७ च्या क्रिस्तेव्हा यांच्या लेखामुळे फ्रान्समध्ये त्यांची चर्चा सुरू झाली. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये हा भागाकार मांडला असता, तर भाजक त्रेचाळीस आणि भाज्य नगण्य असे. शिवाय एकाच महान ग्रंथाचा कर्ता या मापनात कधीही एकच्या पुढे जात नाही.

तौलनिक साहित्याभ्यासाला हा प्रश्न विशेषत्वाने भिडतो. दुसरी भाषा आत्मसात करण्यात जाणारी वर्षे भाजकात जमा होतात, भाज्यात नाहीत. अनुवादकाच्या श्रमांचेही तसेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधाला १० गुण, तर संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाला ८ गुण ठेवले होते. अशा व्यवस्थेत तरुण अभ्यासक तिसरी भाषा शिकण्याऐवजी परिचित भाषेत चार निबंध लिहील, तर दोष त्याचा नव्हे. निवड समित्यांनी आकड्यांपूर्वी त्याचे लेखन वाचावे आणि भाषाभ्यासाची वर्षे संशोधनाची वर्षे म्हणून मान्य करावीत, एवढी तरी अपेक्षा या शाखेने ठामपणे मांडली पाहिजे.