गळ जुना, मनगट नवे

मिशिगनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात डोवाजॅक नावाचे एक छोटे गाव आहे. डेट्रॉईटहून शिकागोला जाताना आपण सारे कधी ना कधी त्याच्या जवळून गेलो आहोत. गाडी तिकडे वळवणारे मात्र थोडे. या गावात जेम्स हेडन नावाचे मधमाश्या पाळणारे गृहस्थ राहत. त्यांनी नव्या धर्तीची मधपेटी बनवली होती, गावात वर्तमानपत्रही चालवले होते. गावकरी सांगतात ती गोष्ट अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकदा ते गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत बसले होते आणि हातातला लाकडाचा तुकडा चाकूने तासत होते. उठताना त्यांनी तो तुकडा पाण्यात भिरकावला, आणि खालून एका बास माशाने त्यावर झडप घातली. गोष्ट पिढ्यापिढ्यांतून आली आहे, तिच्यावर रंग चढलाही असेल. पण हेडननी स्वतः कोरलेले लाकडी बेडूक आजही संग्राहक जिवापाड जपतात आणि १९०२ साली त्यांना मिळालेले पेटंट कागदोपत्री आहे. कारखाना निघाला, मुले हाताशी आली आणि या गावाचे नाव देशभरच्या गळकऱ्यांच्या पेटीत जाऊन बसले.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आपण इथे जपलेल्या नाटकाबद्दल, गाण्याबद्दल, ढोलपथकाबद्दल लिहितो, आणि ते लिहिलेच पाहिजे. मला मात्र या देशाने स्वतःची म्हणून जपलेल्या एका कलेबद्दल, कृत्रिम आमिषाने मासे गरवण्याबद्दल, लिहायचे आहे. ती आता आपल्याही काही घरांत शिरली आहे. ज्यांचे बालपण कोकणातल्या खाडीकाठी गेले त्यांना गरवणे नवीन नाही. तंगूस, गळ, आमिषाला कोळंबी नाही तर गांडूळ, आणि बोटावर दोरी धरून बसणे, एवढ्यावर आमची पिढी वाढली. इथे आल्यावर पहिला धक्का बसला तो आमिषाचा. खाण्याजोगे काहीच नसलेल्या रंगवलेल्या लाकडाला मासा तोंड का घालतो, हे काही केल्या समजेना.

त्याचे उत्तर माशाच्या अंगात आहे. बास हा दबा धरून शिकार करणारा मासा. बुडालेले ओंडके, कमळाची पाने, धक्क्याची सावली या त्याच्या जागा. त्याच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा जाते. पाण्यातली बारीकशी हालचालही तिला कळते. म्हणून गढूळ पाण्यात किंवा काळोखातही त्याला सावजाचा अंदाज येतो. वास आणि चव नंतर. आधी हालचाल, आणि तीही घाबरलेल्या किंवा जखमी जिवाची. जुन्या कारागिरांनी प्रयोगशाळेविना, नुसत्या डोळ्यांनी हे हेरले होते. त्यांची आमिषे आजही मासे धरतात याचे मूळ कारण हेच. बाजारातले रंग बदलले, पण बासच्या अंगावरची ती रेषा बदललेली नाही.

या कृत्रिम आमिषांत, म्हणजे ल्युअरमध्ये, माझ्या सर्वात जवळचा आहे हेडनचा ‘झारा स्पूक’. आधी लाकडात ‘झारागोसा’ या नावाने आलेला हा सिगारसारखा लांबट ल्युअर १९३९ च्या सुमारास प्लास्टिकमध्ये आला. त्याच्या तोंडाला पाती नाही, अंगात पाणी खळबळवणारा खड्डा नाही. नुसता ओढला तर काठीसारखा सरळ येतो आणि एकही मासा ढुंकून पाहत नाही. त्याला चालवावे लागते. रॉडचे टोक पाण्याकडे झुकवायचे, मनगटाने छोटा झटका द्यायचा आणि लगेच दोरी सैल सोडायची. त्या सैलपणात त्याचे नाक डावीकडे वळते. पुढच्या झटक्याला उजवीकडे. ताल धरला की तो पाण्यावर नागमोडी चालू लागतो. शेजारच्या निवृत्त काकांनी मला हे शिकवले तेव्हा ते झटक्याबद्दल जवळजवळ काहीच बोलले नाहीत. पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिले, दोरी सैल सोड. नवशिका ओढत राहतो, कारण ओढणे म्हणजे काम करणे असे त्याला वाटते. स्पूकमध्ये अर्धे काम सोडण्यात आहे. तबला शिकणाऱ्याला खाली समजावी तसे ते एके दिवशी समजते. आणि एकदा का हाताला ते बसले की कोणत्याही महागड्या नव्या ल्युअरपेक्षा हा जुना स्पूक उन्हाळ्याच्या सकाळी जास्त देतो, असे मी ठामपणे म्हणेन.

अशाच दुसऱ्या जुन्या आमिषाचे जनक, ओहायोतल्या ॲक्रनचे फ्रेड आर्बोगास्ट, गुडइयरच्या कारखान्यात कामाला होते आणि गळ फेकण्याच्या स्पर्धांतले नामांकित खेळाडू होते. त्यांचा ‘जिटरबग’ १९३८ मध्ये बाजारात आला. तोंडाला धातूची रुंद पाती. संथ ओढले की डावी-उजवी डोलत ती पाण्यावर एकसारखा डुबुक-डुबुक आवाज करते. हा रात्रीचा राजा. अमावास्येच्या काळोखातही बासला त्या तालावरून नेमकी जागा कळते, म्हणून ओढण्याचा वेग मध्येच बदलायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात धातूची चणचण झाली तेव्हा या पात्या प्लास्टिकच्या केल्या. आज संग्राहक त्याच शोधत फिरतात. आर्बोगास्टच्याच ‘हुला पॉपर’ला मागे रबराच्या झिरमिळ्या असतात. ॲक्रन ही रबराची राजधानी, तेव्हा ते साहजिकच. हा पानांच्या कडेला टाकायचा आणि पाण्यावरची वर्तुळे विरेपर्यंत हलवायचा नाही. मुलांना धीर शिकवायला याहून चांगला गुरू मला माहीत नाही.

अटलांटिकपलीकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. फिनलंडमधल्या पैयाने सरोवरावर लाउरी रापाला हे गरीब मच्छीमार पोट भरत होते. मोठा मासा कळपातल्या लंगडत पोहणाऱ्या लहान माशालाच हेरतो, हे त्यांनी होडीतून पाहिले. १९३६ मध्ये त्यांनी चांभारी सुरीने बुचाचे लाकूड कोरले, त्यावर चॉकलेटचा चमकता कागद गुंडाळला आणि रोगणाला पैसे नव्हते म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर चढवला. पुढे बुचाच्या जागी बाल्सा आले. १९५९ च्या सुमारास मिनेसोटातल्या दोन विक्रेत्यांनी हा मासा अमेरिकेत आणला. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यावर लेख छापला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निधन पावलेली मेरिलिन मन्रो होती. तो अंक घरोघर पोचला आणि फिनलंडला ऑर्डरी पुरवता येईनात. आज आपल्या कोकणातल्या खाड्यांत जिताड्यामागे लागलेले हौशी तरुणही याच घाटाचे ल्युअर फेकतात. गावी गेलो की त्यांच्या पेट्या उघडून पाहणे हा माझा आवडता उद्योग असतो.

ॲक्रनच्याच निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी १९४९ मध्ये घरच्या घरी मऊ प्लास्टिकचे गांडूळ ओतले. टेक्सासच्या गळकऱ्यांनी पुढे त्यात गळाचे टोक लपवण्याची युक्ती काढली, त्यामुळे ते दाट गवतातूनही न अडकता सरकते. नवशिक्याला सर्वात आधी मासा देणारे आमिष कोणते, असे कुणी विचारले तर मी हेच हातात देईन. आणि आपल्या दारचे नाव म्हणजे डिअरबॉर्नच्या एपिंजर कुटुंबाचा ‘डार्डेव्हल’. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या या धातूच्या चमच्याचा उगम १९०६ चा. तो पाइक माशासाठी जास्त प्रसिद्ध असला तरी बासही त्याला सोडत नाही.

साध्या आमिषाने काय होऊ शकते याची साक्ष जॉर्जियातल्या एका शेतकरी पोराने दिली आहे. मंदीच्या काळात, २ जून १९३२ रोजी, जॉर्ज पेरी मित्राबरोबर मॉन्टगोमेरी तळ्यावर गेला. इंडियानातल्या क्रीक चब कंपनीचा एक लाकडी ल्युअर त्यांच्यापाशी होता. त्यावर २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्तच, बास लागला. तो मासा घरी शिजवून खाल्ला गेला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाची बरोबरी केली, पण पेरीचे नाव अजून पुसले गेलेले नाही.

ही कला टिकली ती कंपन्यांमुळे असे मला वाटत नाही. हेडन आणि आर्बोगास्ट ही नावे हात बदलत आर्कान्सातल्या एकाच मालकाकडे गेली. टिकवले ते लोकांनी. जुन्या ल्युअरच्या संग्राहकांचा राष्ट्रीय क्लब १९७६ पासून आहे. मेपल आणि देवदाराचे तुकडे कोरणारे, काचेचे डोळे बसवणारे, थरावर थर रंग चढवणारे हात गावोगावच्या तळघरांत आहेत. आपल्या मंडळातल्याही काही मुलांनी आता पहिला लाकडी मासा कोरला आहे. तो थोडा एका बाजूला कलतो, पण पोहतो. सोनारच्या पडद्यावर मासा शोधून मग गळ टाकणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मात्र पाणी वाचायला शिकायचे असेल तर पडदा बंद करून स्पूक हातात घ्यावा.

डोवाजॅकला हेडनच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्यांच्या आमिषांचे संग्रहालय आहे. ते रोज उघडे नसते, म्हणून वेळ विचारूनच जावे. मुलांना जरूर न्यावे. तळ्यावर जाताना ल्युअरच्या तीन काट्यांच्या गळांचे उलटे दाते चिमट्याने दाबून सपाट करा, म्हणजे मासाही सुखरूप सुटेल आणि मुलांची बोटेही वाचतील. धरलेला बास ओल्या हाताने उचलावा आणि लगेच पाण्यात सोडावा. भारतातून आलेल्या आई-बाबांनाही सोबत घ्या. तळ्याकाठी खुर्ची टाकून बसायला त्यांना आवडते आणि पुष्कळदा आपल्याहून चांगली फेक त्यांचीच पडते. एरवी १७ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना काढावा लागतो, पाहुण्यांनाही. जूनमधल्या मोफत मासेमारीच्या शनिवार-रविवारी मात्र मिशिगनमध्ये तो लागत नाही. मापाचे आणि मोसमाचे नियम तेवढे तेच राहतात.