एक गळा, दोन भोंगे : प्रल्हाद शिंदे यांच्या ध्वनिमुद्रणांविषयी

अहमदपुरातल्या माझ्या लहानपणातले दोन भोंगे मला आजही आठवतात. पहिला देवळावरचा. आषाढी जवळ आली, की पहाटे काकडा संपल्यावर त्याच्यावर विठ्ठलाची गाणी लागत. आमचे घर माळकरी. आजोबा अंगणात बसून ती गाणी ऐकत आणि आम्हालाही गप्प बसवत. दुसरा भोंगा वस्तीतला, पंचशील ध्वजाजवळचा. तो एप्रिलच्या चौदा तारखेला दिवसभर वाजे. तो सुरू झाला की आजोबा उठून रेडिओचा आवाज वाढवत. त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही, पण आम्ही काय ऐकायचे आणि काय ऐकायचे नाही, हे त्या एका कृतीतून आम्हाला कळत असे.

पुढे मी याच गावात मराठी शिकवू लागलो. एका जयंतीला सहकारी शिक्षकमित्राच्या घरी जेवायला गेलो होतो. टेपवर भीमगीते चालू होती. त्यातला एक आवाज ऐकून मी थांबलो. "हा गायक कोण हो?" असे विचारले. मित्र हसला आणि म्हणाला, "सर, पहाटे देवळावर ऐकता ना, तेच की हे. प्रल्हाद शिंदे."

मी साहित्याचा विद्यार्थी. ओवी, अभंग, लावणी, पोवाडा यांच्या छंदांवर वर्गात तासन्‌तास बोलणारा. आणि ज्या आवाजावर मी लहानाचा मोठा झालो, तोच आवाज दुसऱ्या भोंग्यावरही आहे हे मला पस्तिशी गाठेपर्यंत कळले नव्हते. कान शाबूत होते. ऐकण्याची वाटणी आधीच झाली होती. प्रस्तुत लेख त्या वाटणीविषयी आहे. प्रल्हाद शिंदे यांची ध्वनिमुद्रणे भक्तिगीते आणि भीमगीते अशा दोन कप्प्यांत ठेवून ऐकली, तर त्या गायनाचे मर्म हाती लागत नाही, असे मला मांडायचे आहे.

या दिशेने विचार करायला मला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनाच्या अभ्यासाने मदत केली. मराठवाड्यातल्या वाचकाला हा विषय परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. आणि आपल्याच लातूरच्या प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' लिहून ते सारे जग मराठीत आणले. माझ्या पिढीतल्या अनेकांनी ब्लूज हा शब्द प्रथम वाचला तो त्यांच्या लेखनातून. गाणे कानावर पडले ते फार नंतर.

ब्लूजच्या इतिहासात चार्ली पॅटन नावाचा मिसिसिपीचा गायक आहे. कापसाच्या मळ्यांच्या मुलखात वाढलेला, घोगऱ्या, फाटक्या आवाजाचा. १९२९ साली पॅरामाउंट कंपनीने त्याची गाणी मुद्रित केली. ही कंपनी मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. ब्लूज गाणी त्याच्या नावाने निघाली. पण त्याच साली त्याने गायिलेल्या धार्मिक गीतांची रेकॉर्ड मात्र 'एल्डर जे. जे. हॅडली' या नावाने निघाली. ब्लूज म्हणजे सैतानाचे गाणे, असे मानणारा चर्चचा श्रोता पॅटनच्या नावाची प्रार्थना विकत घेणार नाही, असा हिशेब त्यामागे असावा. गळा एक, पण बाजार दोन, म्हणून नावेही दोन. पुढच्या अभ्यासकांनी ती दोन्ही नावे एकत्र आणली, रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या, आणि मगच पॅटन पुरा समजला.

प्रल्हाद शिंदे यांना टोपणनावाची गरज पडली नाही. ते एकाच नावाने गायिले. त्यांची दोन माणसे आपण श्रोत्यांनी केली.

आता त्यांच्या जन्मगावाकडे पाहू. प्रल्हाद शिंदे १९३३ साली मंगळवेढ्यात जन्मले. मंगळवेढा हे संत चोखामेळ्याचे गाव. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा तिथेच गेले, असे परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी आहे ती पंढरपुरात, देवळाच्या महाद्वाराबाहेर. चोखोबांना देऊळ बंद होते ते पुढेही शतकानुशतके त्यांच्या समाजाला बंदच राहिले. साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले तेव्हा, १९४७ च्या मे महिन्यात, ते उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या वेळी प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होते. म्हणजे ज्या वाटेचे गाणे महाराष्ट्राने त्यांच्या तोंडून ऐकले, त्या वाटेच्या शेवटी असलेला दरवाजा त्यांच्या बालपणी त्यांच्या समाजाला बंद होता. पुढे १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. हा गायक या दोन तारखांच्या मधल्या काळात घडला.

हे ध्यानात ठेवून 'पाऊले चालती पंढरीची वाट' पुन्हा ऐकावे. शब्द दत्ता पाटील यांचे, चाल मधुकर पाठक यांची. आपण हे गाणे वारीचे म्हणून ऐकतो, आणि ते तसे आहेही. पण त्यातला माणूस वारीला का निघाला, इकडे आपले लक्ष जात नाही. तो दारिद्र्याने गांजलेला आहे. त्याच्या पुढ्यातले भाकरीचे ताट रिकामे आहे. सगेसोयरे त्याला पाहून पाठ फिरवतात. मग पाय पंढरीकडे वळतात. म्हणजे भक्तीच्या आधी इथे भूक आहे, आणि देवाच्या आधी माणसांनी नाकारणे आहे. उपासमार, परकेपण आणि पायाखालची वाट हे तर ब्लूजचेही नेहमीचे विषय. प्रल्हाद शिंदे हे गाणे आळवून गात नाहीत, करुणा भाकत नाहीत. ते मोकळ्या गळ्याने, ठाम स्वरात, जणू घडलेली हकिकत सांगावी तसे गातात. रिकाम्या ताटाचा उल्लेख येतो तिथेही आवाज ओलावत नाही. सुशिक्षित भावगीत गायकाने तिथे हमखास एक हुंदका पेरला असता. हा आवाज तसे करत नाही, कारण त्याला भूक रंगवून दाखवायची नाही. ती त्याला ठाऊक आहे.

आता भीमगीतांच्या कॅसेट घ्या. इथे साज बदलतो. ढोलक पुढे येतो, बेंजोची तार झणझणते, कोरस आणि टाळ्या येतात. हा थाट कव्वालीचा. प्रल्हाद शिंदे कव्वालीच्या मंचावरचे गायक होते, हे त्यांच्या गायनाची किल्ली आहे. कव्वालीत ओळीचा पहिला भाग पुन्हा पुन्हा गायचा असतो. श्रोत्याला ताणून धरायचे, आणि त्याचा श्वास अडकला की दुसरा भाग टाकायचा. ब्लूजमध्येही पहिली ओळ दोनदा गाऊन तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतात. दोन्हीकडे कारण एकच असावे. समोरचा समुदाय वाचणारा नाही, ऐकणारा आहे. त्याला ओळ झेलायला वेळ द्यावा लागतो. भीमगीतात ही पुनरावृत्ती ऐकताना माझ्या ध्यानात आले, की भक्तिगीतातही प्रल्हाद शिंदे हेच करतात. ध्रुवपदावर परत येताना ते किंचित थांबतात आणि पहिले अक्षर वरून उचलून घेतात. ती लकब देवळातली नाही, मंचावरची आहे. उलट, भीमगीतातल्या लांब सुरांत कीर्तनकाराची हाक ऐकू येते. म्हणजे मंच देवळात शिरला आहे आणि कीर्तन वस्तीत आले आहे.

शब्दांकडे पाहिले तरी हेच दिसते. भीमगीतांचे महाकवी वामनदादा कर्डक आपल्या गीताच्या शेवटी 'वामन' ही नाममुद्रा ठेवत. ही रीत अभंगाची. विठ्ठल नाकारणाऱ्या गाण्याने तुकोबांची सही करण्याची पद्धत मात्र सांभाळली. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि त्याच वर्षी २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. सहा आठवड्यांच्या आत एका परंपरेचा कवी आणि तिचा आवाज दोन्ही हरपले. कवीचे संग्रह छापलेले आहेत, त्यांच्यावर प्रबंध होतात. आवाजावर मात्र आपल्या समीक्षेने जवळजवळ काहीच लिहिले नाही. छापील शब्द म्हणजे साहित्य आणि मुद्रित आवाज म्हणजे करमणूक, ही आपली जुनी सवय.

यावर दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला माझ्या मित्राचाच. तो म्हणतो, "बावीस प्रतिज्ञांनंतर विठ्ठल, अंबाबाई, सत्यनारायण गायचे, याला काय म्हणायचे?" हा प्रश्न बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याने सोडवून टाकण्याचा नाही. एवढेच म्हणतो, की गाणे हे त्यांचे पोट होते, आणि कंपनी जे मुद्रित करील ते गावे लागणे हा कलावंताच्या दारिद्र्याचा भाग आहे. त्या मर्यादेतही त्यांनी भीमगीत सोडले नाही. दुसरा आक्षेप आमच्या लोकांचा : "ही बाजारी गाणी, यात अभ्यासण्याजोगे काय?" रॉबर्ट जॉन्सनची १९३६ आणि १९३७ साली मुद्रित झालेली एकोणतीस गाणीसुद्धा बाजारासाठीच होती. १९६१ साली त्यांतल्या काहींची लाँगप्ले तबकडी निघाली आणि जगाने त्यांना कविता म्हणून ऐकले. गाणी तीच होती, ऐकणारे बदलले.

माझ्या कपाटात आज प्रल्हाद शिंदे यांच्या तीसेक कॅसेट आहेत. काही अहमदपूरच्या बसस्टँडजवळच्या दुकानातून घेतलेल्या, काही मित्राने दिलेल्या. एचएमव्हीच्या भक्तिगीतांवर गीतकार-संगीतकारांची नावे बहुधा सापडतात. लहान कंपन्यांच्या भीमगीतांवर कित्येकदा साल नसते; ढोलक कोणी वाजवला, बेंजो कोणाचा, हेही नसते. फिती चिकटू लागल्या आहेत. भक्तिगीते पुन्हा पुन्हा नव्या रूपात निघतात, कारण त्यांना गिऱ्हाईक आहे. आनंद, मिलिंद आणि नातू आदर्श यांनी घराण्याचे गाणे पुढे नेले आहे, पण जुन्या फितींची नोंद हे घराण्याचे काम नव्हे, ते अभ्यासकांचे आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना आपापल्या गावातल्या कॅसेट गोळा करायला लावल्या, वेष्टनावरचा मजकूर उतरवून घेतला, वाजवणाऱ्या हयात माणसांशी बोलून नावे टिपली, तर दोन-तीन वर्षांत एक विश्वसनीय सूची उभी राहील. मात्र ती एकच सूची असावी. भक्तिगीते एका वहीत आणि भीमगीते दुसऱ्या वहीत, असे नको.

आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. ते आयुष्यभर प्रल्हाद शिंदे ऐकत राहिले, आणि आयुष्यभर प्रल्हाद शिंदे यांच्यावरच रेडिओचा आवाज वाढवत राहिले. हे त्यांना कधी कोणी सांगितले नाही. मला कळले तेव्हा ते हयात होते. मी सांगू शकलो असतो. धीर झाला नाही.