‘वाया गेलेला’ प्रोसिनेच्की : एका ओळीच्या शेऱ्याची तपासणी

पीएच.डी.च्या प्रवेशाची मुलाखत दिली असेल तर हा प्रश्न तुमच्या वाट्याला आला असेल: “इतक्या ठिकाणी का फिरलात?” मलाही विचारला होता. एम.एस्सी.नंतर एका प्रकल्पावर आठ महिने, दुसऱ्यावर एक वर्ष आणि मध्ये काही रिकामे महिने, असा माझा बायोडेटा. पॅनेलवरच्या एका सरांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, “स्थिरता दिसत नाही.” पहिला प्रकल्प निधी संपल्यामुळे बंद पडला होता, हे कागदावर कुठेच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि मलाही त्या क्षणी सांगायचं सुचलं नाही.

तेव्हापासून कुणाच्या करिअरवर एका ओळीचा शेरा दिसला की मी तो थांबून तपासतो. आज असाच एक शेरा घेऊ. तो फुटबॉलमधला आहे, पण तुम्हाला फुटबॉल कळत नसला तरी अडणार नाही.

शेरा असा: क्रोएशियाचा मिडफिल्डर रॉबर्ट प्रोसिनेच्की म्हणजे वाया गेलेली प्रतिभा. क्लब बदलत राहिला, सिगारेटी ओढत राहिला, कुठे टिकला नाही. युरोपातल्या जुन्या खेळाडूंवर लिहिणारे हा शेरा इतक्या सहज मारतात की तो सिद्ध झालेलाच आहे असं वाटतं. आपण त्याच्याकडे शेरा म्हणून न बघता गृहीतक म्हणून बघू.

आधी माहिती

प्रोसिनेच्कीचा जन्म 1969 मधला, पश्चिम जर्मनीतल्या श्वेनिंगेनचा. लहानपणीच कुटुंब झाग्रेबला परतलं आणि तो डिनामो झाग्रेबमध्ये वाढला. 1987 मध्ये, अठराव्या वर्षी, तो रेड स्टार बेलग्रेडकडे गेला. त्याच वर्षी चिलीमधली युवा विश्वचषक स्पर्धा युगोस्लाव्हियाने जिंकली आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. 1990 च्या विश्वचषकात त्याला सर्वोत्तम तरुण खेळाडूचा किताब मिळाला. 29 मे 1991 रोजी बारी शहरात रेड स्टारने मार्सेला पेनल्टी शूटआउटमध्ये 5-3 ने हरवून युरोपियन कप जिंकला, तेव्हा रेड स्टारची पहिली पेनल्टी यानेच मारली होती.

मग रेआल माद्रिद, ओव्हिएदो, बार्सिलोना, सेव्हिया. 1997 मध्ये घरी, क्रोएशिया झाग्रेबकडे. त्यानंतर ह्र्वात्स्की द्रागोवोल्याच, बेल्जियमचा स्टँडर्ड लिएज, इंग्लंडमधला पोर्ट्समथ, स्लोव्हेनियातला ऑलिंपिया ल्युब्ल्याना आणि शेवटी एनके झाग्रेब. यादी लांब आहे आणि शेरा मारणाऱ्यांचा मुख्य पुरावाही हीच यादी आहे.

मोजणी तरी बरोबर आहे का?

किती क्लब झाले, मोजून बघा. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा बारा आले, दुसऱ्यांदा अकरा. चूक माझी नव्हती. ‘डिनामो झाग्रेब’ आणि ‘क्रोएशिया झाग्रेब’ हा एकच क्लब आहे. 1990 च्या दशकात त्याचं नाव बदललं होतं. नाव धरून मोजलं तर बारा, संस्था धरून मोजलं तर अकरा. शिवाय ओव्हिएदोला तो रेआलकडून उसनवारीवर गेला होता. ती खरंच ‘सोडून जाण्यात’ धरायची का?

आता देश मोजा. आजच्या नकाशावर क्रोएशिया, सर्बिया, स्पेन, बेल्जियम, इंग्लंड, स्लोव्हेनिया असे सहा होतात. पण 1987 मध्ये झाग्रेब, बेलग्रेड आणि ल्युब्ल्याना ही तिन्ही शहरं एकाच देशात होती. त्या नकाशावर देश चारच. अठराव्या वर्षी तो बेलग्रेडला गेला तेव्हा ती पुण्याहून नागपूरला जाण्यासारखी देशांतर्गत गोष्ट होती. 2002 मध्ये झाग्रेबच्या शेजारच्या ल्युब्ल्यानात खेळायला गेला तेव्हा ते परदेशात जाणं झालं. यात माणूस हलला त्यापेक्षा सीमा जास्त हलल्या.

तुमच्या कामात हे रोज येणार आहे. व्हेरिएबलची व्याख्या आधी पक्की केली नाही तर आकडा नेमका दिसतो, पण त्याला अर्थ राहत नाही.

तुलनेसाठी दुसरा माणूस

समजा क्लबांची संख्या हेच अपयशाचं लक्षण आहे. मग त्याच रेड स्टार संघातला, 1991 चा कप जिंकलेला दुसरा मिडफिल्डर बघा: व्लादिमिर युगोविच. तो पुढे साम्पडोरिया, युव्हेंटस, लाझिओ, अॅटलेटिको माद्रिद, इंटर आणि मोनाको असा फिरला. हीसुद्धा काही छोटी यादी नाही. पण त्याला कुणी वाया गेलेला म्हणत नाही. कारण 1996 मध्ये रोममध्ये आयाक्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात युव्हेंटसची निर्णायक पेनल्टी त्याने मारली आणि दुसऱ्यांदा युरोपचा कप मिळवला.

म्हणजे शेरा क्लब मोजून ठरत नाही. आधी निकाल बघितला जातो, मग त्याला शोभेल असं कारण यादीतून उचललं जातं. युगोविचच्या बाबतीत हेच फिरणं ‘अनुभव’ होतं, प्रोसिनेच्कीच्या बाबतीत ‘अस्थिरता’. एका जोडीवरून मी नियम मांडत नाहीये, तेवढा नमुना माझ्याकडे नाही. पण ‘जास्त क्लब म्हणजे अपयश’ हे विधान मोडायला एक उलट उदाहरणही पुरतं.

जे दिसत नाही, ते कुठे गेलं?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. जून 1990 मध्ये प्रोसिनेच्की 21 वर्षांचा होता आणि विश्वचषक खेळला. पुढची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा तो थेट 1996 च्या युरोमध्ये खेळला, 27 व्या वर्षी. मधली सहा वर्षं काय झालं?

1992 च्या युरोसाठी युगोस्लाव्हिया पात्र ठरला होता. युद्धामुळे लादलेल्या निर्बंधांत संघाला बाहेर काढलं गेलं, जागा डेन्मार्कला मिळाली आणि डेन्मार्क विजेता झाला. तोवर क्रोएशिया वेगळा झालाच होता. नव्या देशाला 1994 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत उतरताच आलं नाही. म्हणजे एका मिडफिल्डरच्या सगळ्यात चांगल्या वयात त्याच्यासाठी जागतिक मंच अस्तित्वातच नव्हता. नोंद कोरी आहे म्हणून कामगिरी शून्य, असं आपण प्रयोगशाळेत म्हणू का? तिथे आपण म्हणतो, त्या दिवशी यंत्र बंद होतं.

याच वर्षांत स्पेनमध्ये त्याचे स्नायू सतत दुखावत होते. रेआलमधल्या पहिल्या मोसमात तो लीगमध्ये अगदी मोजके सामने खेळला. ओव्हिएदोला तो रादोमिर आंतिचच्या हाताखाली नियमित खेळला आणि चांगला खेळला. इतका की बार्सिलोनाने त्याला घेतलं, तेही योहान क्रायफ प्रशिक्षक असताना. तिथे पुन्हा दुखापती. ‘फिरत राहिला’ या शब्दात असं ध्वनित होतं की त्याचं मन लागत नव्हतं. पण स्पेनमधला बराचसा प्रवास मनापेक्षा पायांनी ठरवला होता.

म्हणून परिणाम एक असला तरी कारणं अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. दुखापत, युद्ध, स्वभाव, सवयी. आपण यालाच कन्फाउंडिंग म्हणतो. शेरा मारणारा मात्र यातली एकच सिगारेट उचलतो, कारण ती फोटोत दिसते.

‘त्याला खेळवलं असतं तर?’

उलट बाजूचे लोकही तपासायला हवेत, नाहीतर आपण फक्त आवडत्या माणसाची वकिली करत बसू.

मिरोस्लाव ब्लाझेविच हे डिनामोचे प्रशिक्षक होते तेव्हा त्यांनी या पोराला करार नाकारला होता. हा फुटबॉलपटू झाला तर मी माझा प्रशिक्षकाचा डिप्लोमा खाईन, असं ते म्हणाल्याचं सांगतात. गंमत म्हणजे 1998 च्या विश्वचषकात क्रोएशियाचे प्रशिक्षक तेच होते. प्रोसिनेच्कीने जमैकाविरुद्ध गोल केला. युगोस्लाव्हियासाठी त्याने 1990 मध्ये गोल केलेला असल्याने, विश्वचषकात दोन देशांसाठी गोल करणारा खेळाडू ही त्याची ओळख झाली. उपांत्य सामन्यात मात्र फ्रान्स 2-1 ने पुढे असताना तो अगदी शेवटच्या मिनिटांत मैदानात आला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध त्याने पुन्हा गोल केला आणि क्रोएशिया 2-1 ने जिंकला.

चाहते म्हणतात, आधी उतरवला असता तर अंतिम सामना गाठला असता. ऐकायला छान वाटतं, पण हे विधानही तितकंच कच्चं आहे. त्या सामन्याची दुसरी प्रत आपल्याकडे नाही. शनिवारी गोल केला म्हणून बुधवारी केलाच असता, असं होत नाही. ‘वाया गेला’ म्हणणारे आणि ‘अन्याय झाला’ म्हणणारे, दोघंही न घडलेल्या करिअरशी घडलेलं करिअर ताडून बघतात. त्या न घडलेल्या करिअरचा डेटा दोघांकडेही नाही.

मग माझं मत काय?

एवढं सगळं वजा केल्यावर काहीतरी उरायला हवं, नाहीतर समीक्षा कसली.

मला उरतं ते त्याचं खेळणं. प्रोसिनेच्की वेगाने पळून कुणाला मागे टाकणारा नव्हता. तो चेंडू दाखवायचा, समोरच्याला पाय टाकू द्यायचा आणि ऐन वेळी तळव्याने चेंडू मागे ओढून दुसऱ्या बाजूने निघून जायचा. यात सौंदर्य आहे आणि दोषही आहे. हा खेळ समोरच्याच्या पायाला आमंत्रण देतो, चेंडू जास्त वेळ जवळ ठेवतो आणि संघाला थांबायला लावतो. लाथा बसतात. अशा खेळाला भक्कम शरीर लागतं आणि त्याचं ते नव्हतं. धूम्रपानाने त्यात भर पडली नसेल असं मी म्हणणार नाही. मोठ्या क्लबात सलग चार-पाच मोसम राज्य केलं असं त्याच्याबद्दल म्हणता येत नाही, हे खरंच आहे.

पण हाच खेळ उतारवयात टिकतो, कारण तो वेगावर उभा नाही. 2001-02 मध्ये, तिशी ओलांडल्यावर, तो पोर्ट्समथकडून इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीवरच्या लीगमध्ये खेळला. बार्नस्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली आणि तरीही सामना 4-4 बरोबरीत सुटला. संघ गुणतक्त्यात खालच्या अर्ध्यात राहिला. तिथले जुने प्रेक्षक मात्र आजही त्या एका मोसमाबद्दल प्रेमाने बोलतात. करंडकांच्या रकान्यात याची नोंद कुठे करायची?

म्हणून मी शेरा असा बदलेन: मोठ्या उंचीचा, कमी काळ टिकलेला शिखरकाळ, युद्ध आणि दुखापती यांनी खाल्लेली मधली वर्षं, आणि आयुष्यभर न बदललेली एक शैली, जिने त्याला घडवलंही आणि अडवलंही. हे वाक्य लांब आहे, फेकून मारता येत नाही. पण पुराव्याच्या पलीकडे जात नाही.

आपल्याकडे इगोर श्टिमाच हे नाव ओळखीचं आहे. 2019 ते 2024 ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. 1987 च्या त्या युवा संघात आणि 1998 च्या क्रोएशिया संघातही ते प्रोसिनेच्कीबरोबर होते. तेव्हा पुढच्या वेळी त्या पिढीबद्दल वाचाल तेव्हा सहा वर्षांची ती कोरी जागा आठवा. ती फक्त एका माणसाची नव्हती.

आणि तुमच्यासाठी गृहपाठ. स्वतःचा बायोडेटा काढा. प्रत्येक बदलापुढे पेन्सिलने कारण लिहा: निधी संपला, गाईड निवृत्त झाले, घरी आजारपण होतं, किंवा सरळ ‘कंटाळा आला’. खरं तेच लिहा, कारण शेवटचं कारणही कधीकधी खरं असतं. मुलाखतीत कुणी विचारलं नाही तरी दोन वाक्यांत स्वतःहून सांगा. मी सांगितलं नव्हतं.

काही वर्षांनी तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसाल. समोर कुणाचा तरी तुटक बायोडेटा असेल. तेव्हा शेरा मारायच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा: “मधल्या काळात काय झालं होतं?”