कोऱ्या कागदावरचा प्रकाश

मलकापुरात घरभेटीच्या वेळी एका मातेने भिंतीवरील संताचे चित्र दाखवून आम्हांला विचारले, "फादर, दर्शन खरेच असे घडले असेल का?" प्रश्न साधा नाही. सतराव्या शतकातील बरोक शैलीच्या मुद्राचित्रकारांपुढेही तोच होता.

रंगचित्रकाराजवळ सोनेरी रंग असतो. ताम्रपट कोरणाऱ्याजवळ केवळ काळी शाई. तांब्यावर कोरलेल्या रेघेत शाई भरते आणि कागदावर अंधारच उमटतो. स्वर्गीय प्रकाश त्याला काढता येत नाही, राखावा लागतो. जेथे दर्शन घडते, तेथे कागद कोरा असतो. १६०९ साली रोममध्ये निघालेल्या इग्नेशियस लोयोला यांच्या सचित्र चरित्रात ला स्तोर्ता येथील दर्शन याच रीतीने प्रकट होते. ही नम्रता आम्हांला या कलेचा मोठा गुण वाटते.

परंतु दोषही सांगितला पाहिजे. तेच ढग, तेच देवदूत, तेच वर वळलेले डोळे! संत बदलतो, साचा बदलत नाही. पाहणाऱ्याचे विस्मय हळूहळू सवयीत विरते आणि दर्शन म्हणजे डोळ्यांचे सुख, असा समज होतो.

हा समज खोडून काढणारे एक दर्शन आपल्या गोव्याशी निगडित आहे. १६३३ च्या डिसेंबरात नेपल्स येथे सजावट उतरवताना येशूसंघीय मार्चेल्लो मास्त्रिल्ली यांच्या डोक्यावर हातोडा पडला. ते मरणोन्मुख असताना १६३४ च्या जानेवारीत संत फ्रान्सिस झेवियर यात्रेकरूच्या वेषात त्यांच्या शय्येपाशी आले. मरण हवे की पूर्वेकडील सेवा, असे संतांनी विचारले. मास्त्रिल्ली यांनी सेवा निवडली व ते बरे झाले. या प्रसंगाची चित्रे युरोपभर पसरली. मार्चमधील कृपेच्या नोव्हेनाचा उगमही याच घटनेत आहे.

मास्त्रिल्ली गोव्यास आले. त्यांच्याच पुढाकाराने १६३६-३७ मध्ये गोव्याच्या कारागिरांनी संतांच्या देहासाठी चांदीची पेटी घडवली. तिच्यावर संतचरित्रातील ३२ प्रसंग आहेत. पेटी पूर्ण झालेली पाहण्यास मात्र मास्त्रिल्ली थांबले नाहीत. १६३७ च्या ऑक्टोबरात नागासाकी येथे त्यांना हौतात्म्य आले.

त्या मातेला आम्ही एवढेच सांगू: ढग चित्रकाराचे आहेत, प्रश्न संताचा आहे. नोव्हेनेत आपण संतांपाशी पुष्कळ मागतो. ते आपल्याला काय विचारीत आहेत, हे ऐकण्यापुरती थोडी कोरी जागा आपणही मनात राखावी.