पुन्हा मांडलेला पट

जुनी कृती नव्याने सिद्ध करणे हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. संपादकाची दोन्ही कर्तव्ये या एका घटनेत दिसतात. पाठावर साचलेली धूळ झाडावयाची, आणि झाडता झाडता आपल्या बोटांचे ठसे मात्र उमटू द्यावयाचे नाहीत. पहिले काम कष्टाचे आहे, दुसरे संयमाचे. मूळ लेखकच आपल्या जुन्या कृतीकडे परत येतो, तेव्हा तर हा संयम फारच अवघड होऊन बसतो. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघताना लेखकाचा हात कसा शिवशिवतो हे ज्याने दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत त्याला सांगावयास नको.

या प्रश्नाचा विचार मी येथे एका अशा क्षेत्रात करणार आहे, की ज्याचे नाव दिवाळी अंकाच्या पानावर पाहून काही वाचक नाक मुरडतील. हे क्षेत्र व्हिडिओ गेमचे आहे. त्यातही डावपेचांच्या कथाखेळांचे. दूरदर्शन संचाला जोडलेल्या यंत्रांवर जपानात जन्मलेले हे खेळ पुढे हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी पुन्हा रचले गेले, आणि त्या पुनर्रचनेत त्यांच्या आत्म्याचे काय झाले, हा माझा विषय आहे.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले म्हणजे पुरे. समोर चौकटींचा पट असतो. त्यावर आपली आणि शत्रूची माणसे असतात आणि पाळीपाळीने चाली होतात. येथपर्यंत हे बुद्धिबळच होय. परंतु येथील प्याद्याला नाव आहे, गाव आहे, मागे राहिलेली माणसे आहेत. बुद्धिबळातले मेलेले प्यादे डबीत जाते आणि पुढच्या डावात परत उभे राहते. शोझो कागा यांनी १९९० मध्ये 'फायर एम्ब्लेम' हा खेळ रचला, त्यात मेलेला मेला. पुढच्या लढाईत त्याची जागा रिकामी राही. या एका नियमाने खेळाला शोकात्मिकेची शक्यता प्राप्त करून दिली. चालीला किंमत आली, आणि जेथे किंमत आहे तेथेच नीतीचा प्रश्न उपस्थित होतो.

२००८ साली हाच खेळ निन्टेन्डोच्या 'डीएस' या दोन पडद्यांच्या यंत्रावर पुन्हा आला. मधेच डाव जतन करून ठेवता येईल अशा जागा पटावर आल्या, हे ठीकच झाले. पण नव्या रचनाकारांनी दोन भर घातल्या. प्रास्ताविक भागाच्या शेवटी राजपुत्र मार्थ निसटून जावा म्हणून एका सोबत्याला मरणाच्या तोंडी द्यावे लागते, आणि तो कोण हे खेळणाऱ्याने ठरवायचे. ही भर मला मोलाची वाटते; मूळ कृतीच्या स्वभावातूनच ती उगवली आहे. दुसरी भर मात्र विचित्र आहे. काही उपकथांची प्रकरणे खुली होण्यासाठी आपल्या सैन्यात १५ किंवा त्याहून कमी माणसे उरलेली असावी लागतात. म्हणजे ज्याने जिवापाड जपून सर्वांना वाचवले त्याला ही प्रकरणे वाचावयास मिळणार नाहीत. ती पाहिजे असतील तर माणसे मरू द्या! हेतू असा असेल, की माणसे गमावणाऱ्याला खेळ सोडून द्यावासा वाटू नये. परिणाम असा झाला, की मृत्यू ही हानी न राहता किल्ली झाली. २०१० साली याच मालिकेच्या पुढील पुनर्रचनेत मेलेली माणसे पुढच्या लढाईत परत येतील अशी एक सौम्य पद्धत ठेवण्यात आली. ज्याला ती हवी त्याने घ्यावी. तिच्याविषयी माझी तक्रार कमी आहे, कारण ती आपण काय देतो आहोत हे उघड सांगते.

परंतु या चर्चेतील सर्वांत मोठी कृती 'टॅक्टिक्स ओगर' ही आहे. यासुमी मात्सुनो यांनी दिग्दर्शित केलेला हा खेळ ऑक्टोबर १९९५ मध्ये सुपर फॅमिकॉम यंत्रावर आला. युगोस्लावियाची शकले होत होती, स्रेब्रेनित्साच्या कत्तलीला तीन महिने झाले होते, तो हा काळ. व्हॅलेरिया नावाच्या द्वीपसमूहात वालिस्टर, गाल्गास्तान आणि बाक्रम अशा तीन जमाती एकमेकींच्या जिवावर उठल्या आहेत. डेनाम हा तरुण, त्याची बहीण काचुआ आणि मित्र वाइस हे अल्पसंख्य वालिस्टरांच्या बाजूने लढत असतात. पहिल्या भागाच्या अखेरीस ते बाल्मामुसा या गावी पोहोचतात. तेथे डांबून ठेवलेल्या आपल्याच लोकांनी बंड करावे अशी ड्यूक रॉनवेची इच्छा असते. पण ते थकलेले लोक नकार देतात. तेव्हा ड्यूकचा सरदार हुकूम सांगतो : या सर्वांना ठार करा आणि पाप गाल्गास्तानांच्या माथी मारा, म्हणजे उरलेले वालिस्टर चवताळून उठतील.

येथे खेळ थांबतो आणि आपल्याला विचारतो. हुकूम मानला, तर डेनाम खुनी होतो आणि वाइस त्याला सोडून जातो. न मानला, तर तेच कृत्य वाइस करतो, आणि त्याचा कलंक डेनामच्या कपाळी लागतो. गाव दोन्ही वाटांनी बेचिराख होते. आपल्या हातात असते ते एवढेच, की आपण कोणत्या बाजूला उभे राहणार. एखाद्या कादंबरीकाराला हेवा वाटावा असा हा प्रसंग आहे. कादंबरीत नायक निर्णय घेतो आणि आपण त्याचा न्याय करतो; येथे न्यायाधीशालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

आमच्या बुलढाणे जिल्ह्यातील वाचकाला हा पेच परका वाटू नये. सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत परतले, आणि १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात भर दरबारात आपल्या मुलांसह मारले गेले. हा धडा शिकवताना वर्गातील मुले दरवर्षी हटकून विचारतात, "गुरुजी, मग त्यांनी कोणत्या बाजूला राहायला पाहिजे होतं?" या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. दोन्ही वाटांवर रक्त सांडलेले असताना माणूस एक वाट धरतो आणि तिचे ओझे वाहतो, एवढेच इतिहास सांगतो. इतिहासात चाल परत घेता येत नाही.

२०१० च्या नोव्हेंबरात 'टॅक्टिक्स ओगर' सोनीच्या 'पीएसपी' या हातातल्या यंत्रावर आला, तो मात्सुनो आणि त्यांचे जुने सहकारी यांच्याच हातून. साडेचार इंचांहूनही लहान पडद्यावर अकिहिको योशिदा यांची चित्रे आणि साकिमोतो-इवाता यांचे संगीत नव्या तेजाने प्रकट झाले. अलेक्झांडर स्मिथ यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला जुन्या धाटणीची भारदस्त भाषा लाभली. आपल्याकडे बखरीचा बाज घेऊन कोणी लिहावे तशी. येथवर धूळ झाडण्याचे काम उत्तम झाले.

परंतु तीन बदल विचार करावयास लावतात. पहिला 'रथ'. टॅरोच्या या पानाने चालू लढाईत मागच्या ५० चालींपर्यंत मागे जाता येते. दुसरा 'जग' या पानाचा. कथा एकदा पूर्ण झाली म्हणजे मागील वळणांवर परत जाऊन न धरलेली वाट धरता येते. तिसरा बदल वरकरणी केवळ हिशेबाचा आहे. मूळ खेळात प्रत्येक माणसाची श्रेणी त्याची स्वतःची होती. आता ती वर्गाची झाली. सर्व धनुर्धरांची एक, सर्व पुरोहितांची एक.

या तिसऱ्या बदलाकडे टीकाकारांनी गैरसोय म्हणून पाहिले, कारण नवा वर्ग हाती आला की तो अगदी पहिल्या पायरीवरून वाढवावा लागे. मला त्यात याहून गंभीर दोष दिसतो. कौशल्ये त्या त्या माणसाचीच राहिली हे खरे. तथापि एक धनुर्धर पडला तर त्याच श्रेणीचा दुसरा लगेच उभा करता येऊ लागला. माणूस मोजण्याची वस्तू झाला. पण हाच तर ड्यूक रॉनवेचा हिशेब! बाल्मामुसात त्याने केले ते हेच : माणसांना आकडे मानले. कथा ज्या विचाराचा धिक्कार करते तोच विचार नियमांनी मागल्या दाराने आत आणला. घाट आणि आशय यांची फारकत ती हीच.

'रथा'चे समर्थक म्हणतात, की ते पान वापरण्याची सक्ती कोठे आहे? नको असेल त्याने वापरू नये. हे म्हणणे वरवर बिनतोड आहे. परंतु कोंडलेल्या माणसाला दार उघडे असल्याचे कळले, की तो बाहेर पडो वा न पडो, तो कोंडलेला राहत नाही. मरणाऱ्या सोबत्याकडे पाहताना 'आता काय करू' या प्रश्नाच्या जागी 'किती चाली मागे जाऊ' हा प्रश्न येतो. पश्चात्तापाची जागा दुरुस्ती घेते.

'जग' या पानाविषयी मात्र माझे मत निराळे आहे. ते कथा संपल्यावरच हाती येते. म्हणून ते पुनर्वाचन आहे. दुसरी वाट धरूनही बाल्मामुसा जळतेच, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर पहिल्या निर्णयाचे ओझे हलके होत नाही, उलट त्याचा अर्थ गडद होतो. त्यात एक उणीव आहे. मागे जाताना आपले आताचे सैन्यही सोबत येते, आणि निरनिराळ्या वाटांवरचे सोबती एकाच छावणीत गोळा होतात. जे एका आयुष्यात मिळणे शक्य नाही ते सर्व मिळवण्याचा मोह तेथे सुरू होतो.

मग दोष हातातल्या यंत्राचा आहे काय? मुळीच नाही. मेहकरच्या एस.टी.त बसून अर्धी लढाई खेळावी, फाटा आला की यंत्र झोपवून खिशात टाकावे, आणि रात्री वीज गेल्यावर पुढे चालू करावे, यात कृतीचा काहीच अवमान नाही. पोथीही अध्यायाअध्यायानेच वाचली जाते. सोयींचे दोन प्रकार आहेत. एक सोय रसिकाच्या वेळेची असते. ती द्यावी, भरभरून द्यावी. दुसरी सोय त्याच्या विवेकाची असते, आणि ती देताना कलावंताने शंभरदा विचार केला पाहिजे. पुनर्रचनाकारांची गल्लत अशी झाली, की पहिली देण्याच्या भरात त्यांनी दुसरीही देऊन टाकली.

मात्सुनो यांच्याच 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स' या १९९७ च्या खेळाची कहाणी येथे ताडून पाहण्यासारखी आहे. २००७ मध्ये तो 'पीएसपी'वर आला तेव्हा भाषा सुधारली, पण दुसऱ्या खेळांतले पाहुणे पटावर आणून बसवले गेले. २०२५ मध्ये तो पुन्हा रचताना मूळ संहिताच शिल्लक नसल्याचे आढळले. जुन्या छापील प्रतीवरून हस्तलिखित जुळवावे तसे काम करावे लागले. या वेळी रचनाकारांनी २००७ ची भर बाजूला ठेवली, आणि जुना पाठ व सुधारलेला पाठ असे दोन्ही शेजारी शेजारी दिले. वाचकाला निवड करू देणारे हे संपादन मला प्रामाणिक वाटते.

'टॅक्टिक्स ओगर'ही २०२२ मध्ये आणखी एकदा आला. या वेळी श्रेणी पुन्हा माणसाची झाली. 'रथ' राहिला, पण माणूस माणसाला परत मिळाला, हे थोडे झाले नाही. मूळ कृतीत खोल असे काही असले, तर ती चुकीच्या दुरुस्त्याही कालांतराने अंगावेगळ्या करते, असा विश्वास यावरून वाटू लागतो. हे खेळ नव्याने येतच राहतील आणि यंत्रे बदलत राहतील. त्या प्रत्येक वेळी रचनाकारांनी एवढेच पाहावे, की बाल्मामुसाच्या वेशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन आपण मऊ तर करीत नाही ना. ती खडबडीतच असली पाहिजे. त्या जमिनीवर उभे राहूनच त्याला आपण कोण आहोत हे कळणार आहे.